तराजू बोलतो, संगणक ऐकत नाही!

बशीत ठेवलेल्या पाण्याचे बाष्पीभवन किती वेगाने होते, हे तुम्हांला मोजायचे आहे असे समजा. सोपा उपाय म्हणजे बशी इलेक्ट्रॉनिक तराजूवर ठेवायची आणि दर मिनिटाला वजन टिपायचे. पण प्रयोग आठ तास चालणार असेल तर ४८० नोंदी कोण करणार? मग आठवते, की तराजूच्या पाठीमागे नऊ पिनांचे एक पोर्ट आहे आणि त्यातून वजनाचे आकडे थेट संगणकाकडे पाठवता येतात. तुम्ही केबल जोडता, तराजूबरोबर आलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर सुरू करता आणि पडद्याकडे पाहत बसता. पडदा कोराच राहतो. किंवा त्याहून विचित्र, म्हणजे आकड्यांच्या जागी भलतीच चिन्हे उमटू लागतात.

अशा वेळी पुष्कळ ठिकाणी काय होते? कोणी केबल काढून पुन्हा घालतो, कोणी लॅपटॉप बंद करून सुरू करतो, कोणी एकाच वेळी चार ठिकाणच्या सेटिंग्ज बदलतो. शेवटी 'हे उपकरण जुने झाले, आजच्या लॅपटॉपला चालत नाही' असा निकाल लागतो आणि वजन अगदी अचूक करणारा चांगला तराजू कपाटात जातो. वास्तविक तराजूही ठीक असतो आणि लॅपटॉपही. बिघाड असतो तो दोघांच्या संभाषणात. तो कसा शोधायचा हे समजण्यासाठी प्रथम हे संभाषण चालते कसे, ते पाहू या.

एका तारेवरून आकडे कसे जातात?

'५' हा अंक दुसऱ्या यंत्राला कळवायचा तर त्याला एक ठरावीक क्रमांक द्यावा लागतो. आस्की या संकेतावलीत '५' या चिन्हाचा क्रमांक ५३ आहे. द्विमान पद्धतीत तो सात बिटांत ०११०१०१ असा लिहितात. हे सात बिट एकाच तारेवरून, एकामागून एक पाठवायचे. रांगेत, म्हणजे सीरियल पद्धतीने पाठवायचे, म्हणून या पोर्टाला सीरियल पोर्ट म्हणतात.

ही कल्पना संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. फ्रान्सच्या तारखात्यातील एमिल बोदो यांनी १८७४ साली पाच घटकांच्या संकेतावलीवर चालणाऱ्या छपाई-तारयंत्राचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून तारेवरील संकेत बदलण्याच्या वेगाच्या एककाला 'बॉड' हे नाव मिळाले. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पण तारेची ही रीत प्रयोगशाळेतील तराजूच्या पाठीमागे अजून जिवंत आहे!

विजेच्या भाषेत १ आणि ० कसे दाखवायचे, हे आरएस-२३२ या मानकाने ठरवले. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने ते १९६० साली प्रथम प्रसिद्ध केले. या मानकानुसार घेणाऱ्या बाजूला उणे ३ ते उणे १५ व्होल्ट दाब म्हणजे १, आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट दाब म्हणजे ०. मधला पट्टा कोणाचाच नाही. कोणी बोलत नसेल तेव्हा तार १ याच स्थितीत, म्हणजे ऋण दाबावर, स्वस्थ असते. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला फार उपयोगी पडणार आहे.

आता ऐकणाऱ्या यंत्राला अक्षर सुरू झाले हे कसे कळते? त्यासाठी बोलणारे यंत्र अक्षराआधी एक ० पाठवते. हा 'प्रारंभ बिट'. स्वस्थ तार ऋणावरून धनावर उडी घेते, तेव्हा ऐकणारा सावध होतो आणि स्वतःच्या घड्याळाप्रमाणे प्रत्येक बिटाच्या मध्यावर तारेचा दाब तपासत जातो. सर्वांत उजवीकडचा बिट आधी येतो. शेवटी पुन्हा एक १ येतो, तो 'विराम बिट'.

ध्यानात घ्या, दोन्ही यंत्रांमध्ये घड्याळाची वेगळी तार नाही. दोघांनी वेग आधीच ठरवून घेतलेला असतो. वेग ९६०० बॉड असेल तर प्रत्येक बिटाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद मिळतात. प्रारंभ बिट, आठ बिटांचे अक्षर आणि विराम बिट असे दहा बिट धरले तर सेकंदाला ९६० अक्षरे जातात. दोन घड्याळांत थोडा फरक असला तरी चालतो, कारण प्रत्येक प्रारंभ बिटापाशी ऐकणारा आपले घड्याळ नव्याने जुळवून घेतो. पण विराम बिटाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेनऊ बिटांच्या काळात, एकूण चूक अर्ध्या बिटाहून कमी राहिली पाहिजे. ०.५ ला ९.५ ने भागा. उत्तर सुमारे ५ टक्के येते. एवढीच काय ती सवलत. एकाने २४०० आणि दुसऱ्याने ९६०० वेग धरला, तर संभाषण होणे शक्यच नाही.

साखळी आणि तिच्या कड्या

तराजूपासून पडद्यापर्यंतचा मार्ग ही एक साखळी आहे: तराजू, केबल, यूएसबी अडॅप्टर, त्याचा ड्रायव्हर, संगणकाने त्याला दिलेला पोर्ट क्रमांक आणि शेवटी नोंदी घेणारा प्रोग्रॅम. १९८४ सालच्या आयबीएमच्या पीसी-एटी संगणकापासून नऊ पिनांचे सीरियल पोर्ट सर्वत्र रूढ झाले. त्याआधी पंचवीस पिनांचे मोठे पोर्ट असे. १९९६ मध्ये यूएसबी आले आणि या शतकाच्या पहिल्या दशकात बहुतेक लॅपटॉपवरून नऊ पिनांचे पोर्ट नाहीसे झाले. चांगले मोजमाप उपकरण मात्र वीस-पंचवीस वर्षे सहज टिकते. म्हणून आज मध्ये यूएसबी-सीरियल अडॅप्टर घालावा लागतो आणि साखळीत एक कडी वाढते.

साखळी तुटली असेल तर ती दोन्ही टोके धरून हलवत बसण्यात अर्थ नाही. मधोमध तोडून विचारायचे, की दोष डावीकडे आहे की उजवीकडे? आणि प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची. लंबकाचा आवर्तकाल अभ्यासताना आपण लांबी बदलतो तेव्हा गोळा तोच ठेवतो. इथेही नियम तोच आहे.

पहिली पायरी : पोर्टाचा क्रमांक

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि 'पोर्ट्स' या शीर्षकाखाली पाहा. अडॅप्टर लावल्यावर तिथे 'कॉम' आणि एक क्रमांक दिसला पाहिजे. अडॅप्टर काढला की ती ओळ नाहीशी झाली पाहिजे. ओळ दिसतच नसेल किंवा तिच्यावर पिवळे चिन्ह असेल, तर दोष अडॅप्टरचा किंवा त्याच्या ड्रायव्हरचा आहे. तराजूला हात लावण्याचे कारण नाही. बाजारात नामांकित चिपांच्या नकला पुष्कळ मिळतात आणि मूळ कंपनीचा ड्रायव्हर कधी कधी अशी नक्कल चालवण्याचे नाकारतो, हेही ध्यानात असू द्या.

इथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की पुष्कळ अडॅप्टर निराळ्या यूएसबी खाचेत लावले तर संगणक त्यांना निराळा क्रमांक देतो. काल कॉम-३ असलेले पोर्ट आज कॉम-७ होते आणि प्रोग्रॅम बिचारा कॉम-३ ची वाट पाहत बसतो. दुसरा असा, की काही जुन्या प्रोग्रॅमांना कॉम-१ ते कॉम-४ किंवा फार तर कॉम-९ पर्यंतचेच क्रमांक ठाऊक असतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टाच्या प्रगत सेटिंग्जमधून क्रमांक बदलता येतो. अडॅप्टर नेहमी एकाच खाचेत लावण्याची सवय ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

आणखी एक, एका पोर्टावर एका वेळी एकच प्रोग्रॅम बसू शकतो. 'परवानगी नाही' अशा अर्थाचा संदेश आला तर दुसरा एखादा प्रोग्रॅम ते पोर्ट अडवून बसला आहे का, ते आधी पाहा. लिनक्सवर मात्र अशाच संदेशाचे कारण बहुधा निराळे असते. तिथे वापरणाऱ्याचे नाव ज्या गटाला सीरियल पोर्ट वापरण्याची मुभा आहे त्या गटात, पुष्कळदा 'डायलआउट' या गटात, घालावे लागते.

दुसरी पायरी : परतफेरीची चाचणी

आता साखळी मधोमध तोडू. तराजू बाजूला ठेवा. अडॅप्टरच्या नऊ पिनांपैकी पिन २ ही ऐकण्याची, पिन ३ बोलण्याची आणि पिन ५ ही दोघांची सामाईक भूमी. पिन २ आणि पिन ३ तारेच्या लहानशा तुकड्याने एकमेकींना जोडा. टेराटर्म किंवा पुट्टी यांसारखा मोफत टर्मिनल प्रोग्रॅम उघडा, योग्य कॉम क्रमांक निवडा, फ्लो कंट्रोल 'नाही' असे ठेवा आणि कळफलकावर काहीही टाइप करा. संगणकाने उच्चारलेले अक्षर तारेवरून वळून त्याच्याच कानात पडते आणि पडद्यावर उमटते.

पण एवढ्याने समाधान मानू नका. आता तार काढा आणि पुन्हा टाइप करा. अक्षरे उमटणे थांबले पाहिजे. थांबले नाही, तर प्रोग्रॅम स्वतःच अक्षरे दाखवत आहे आणि तुमच्या चाचणीने काहीच सिद्ध झालेले नाही. रसायनशास्त्रात जशी नियंत्रण नळी ठेवतात, तसेच हे.

चाचणी यशस्वी झाली तर लॅपटॉप, ड्रायव्हर आणि अडॅप्टर हे तिन्ही एका फटक्यात निर्दोष सुटले. मात्र या चाचणीने काय सिद्ध होत नाही, हेही विचारले पाहिजे. वेग बरोबर आहे की नाही, हे तिच्याने कळत नाही. कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच असल्याने कोणताही वेग निवडला तरी तो जुळणारच. प्रत्येक चाचणीबद्दल हे दोन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या.

तिसरी पायरी : तोंडाला कान जोडला आहे का?

आरएस-२३२ मानक मुळात दोन निरनिराळ्या प्रकारच्या यंत्रांसाठी होते: एका बाजूला टर्मिनल आणि दुसऱ्या बाजूला मोडेम. टर्मिनल ज्या पिनवर बोलते, त्याच पिनवर मोडेम ऐकतो. म्हणून त्यांच्यामध्ये सरळ केबल चालते. पण तराजू बनवणाऱ्याने आपले यंत्र टर्मिनलसारखे बनवले असेल तर? मग संगणक आणि तराजू दोघेही पिन ३ वर बोलणार आणि पिन २ वर ऐकणार. सरळ केबल लावली की तोंडाला तोंड आणि कानाला कान जोडला जातो. अशा वेळी २ आणि ३ या तारांची अदलाबदल केलेली उलटी केबल लागते. तिला बाजारात नल मोडेम केबल म्हणतात. दोन्ही केबली बाहेरून अगदी सारख्या दिसतात, हीच तर गंमत!

इथे आपला साधा मल्टिमीटर कामाला येतो. स्वस्थ तार ऋण दाबावर असते, हे आपण वर पाहिले. केबल तराजूला जोडा, तराजू सुरू करा, पण केबलचे दुसरे टोक मोकळे ठेवा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावून काळी पिन ५ क्रमांकावर आणि तांबडी पिन क्रमाने २ व ३ वर टेकवा. छिद्रे लहान असतील तर बारीक तार आत घालून तिला स्पर्श करा. मात्र दोन तारा एकमेकींना लागू देऊ नका. ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसेल, त्या पिनवर तराजू बोलतो. जिथे दाब जवळजवळ शून्य, ती त्याची ऐकण्याची पिन.

लॅपटॉपकडील टोकाला ऋण दाब पिन २ वर दिसला, तर केबल बरोबर आहे. पिन ३ वर दिसला, तर उलटी केबल हवी. दोन्हींवर शून्य असेल, तर केबल तुटली आहे किंवा तराजूचे पोर्ट बंद आहे. काही लहान उपकरणे, विशेषतः प्रकाशाच्या साहाय्याने संदेश देणारे हातातले मल्टिमीटर, आपल्या केबलसाठी लागणारी थोडीशी वीज संगणकाच्या नियंत्रण-तारांमधूनच घेतात. अशी केबल संगणकाला जोडून प्रोग्रॅमने त्या तारांवर दाब दिल्याशिवाय बोलतच नाही.

चौथी पायरी : बिघडलेल्या अक्षरांचे वाचन

आता टर्मिनल प्रोग्रॅममध्ये काही तरी दिसू लागले, पण वजनाच्या जागी चिन्हांचा गोंधळ आहे. पुष्कळ जण इथे कंटाळतात. खरे तर ही आनंदाची वेळ! तारा बरोबर जोडल्या आहेत, दोघे बोलत आहेत. फक्त अटी जुळलेल्या नाहीत. अटी चार: वेग, अक्षरातील बिटांची संख्या, पॅरिटी आणि विराम बिटांची संख्या.

जेवढी अक्षरे यायला हवीत त्यांहून कमी येत असतील तर संगणकाचा वेग बहुधा कमी ठेवला आहे. जास्त येत असतील तर बहुधा जास्त. पण सर्वांत फसवा प्रकार पॅरिटीचा. तो नीट पाहू.

पॅरिटी म्हणजे तपासणीसाठी जोडलेला एक जादा बिट. 'सम पॅरिटी' ठरवली असेल तर अक्षरातील १ ची एकूण संख्या सम व्हावी अशा रीतीने हा बिट ० किंवा १ ठेवतात. अनेक तराजू सात बिट आणि सम पॅरिटी वापरतात. संगणक मात्र बहुधा आठ बिट आणि पॅरिटी नाही, असे धरून चालतो. दोन्हींची बेरीज आठच होते, म्हणून वेळेत काही चूक होत नाही. फक्त तराजूचा पॅरिटी बिट संगणक आठवा बिट म्हणून वाचतो. तो १ असेल तर अक्षराच्या क्रमांकात १२८ मिळवले जातात. आता अंकांचे काय होते ते पाहा:

० : ०११०००० : १ दोन वेळा, बरोबर उमटतो
१ : ०११०००१ : तीन वेळा, बिघडतो
२ : ०११००१० : तीन वेळा, बिघडतो
३ : ०११००११ : चार वेळा, बरोबर उमटतो
४ : ०११०१०० : तीन वेळा, बिघडतो
५ : ०११०१०१ : चार वेळा, बरोबर उमटतो
६ : ०११०११० : चार वेळा, बरोबर उमटतो
७ : ०११०१११ : पाच वेळा, बिघडतो
८ : ०१११००० : तीन वेळा, बिघडतो
९ : ०१११००१ : चार वेळा, बरोबर उमटतो

दशांश चिन्हाचा क्रमांक ४६, म्हणजे ०१०१११०. त्यात १ चार वेळा, म्हणून तेही बरोबर उमटते. म्हणजे ०, ३, ५, ६, ९ हे अंक शाबूत आणि १, २, ४, ७, ८ बिघडलेले!

आता आपल्या बशीकडे या. तराजू फक्त आकडे पाठवतो असे धरू. वजन ३६.९५ ग्रॅम असताना पडद्यावर अगदी बरोबर ३६.९५ येते. थोड्या वेळाने पाणी उडून वजन ३६.९४ होते आणि शेवटच्या अंकाच्या जागी भलतेच चिन्ह किंवा प्रश्नचिन्ह येते. पुढे ३६.९३ पुन्हा बरोबर! पाहणाऱ्याला वाटते, कुठे तरी तार सैल आहे. कधी लागते, कधी सुटते. तो केबल बदलतो, अडॅप्टर बदलतो आणि दोष काही जात नाही. पण ज्याने कोणते अंक बिघडतात याची वहीत यादी केली, त्याला पाच मिनिटांत कळते, की हा दोष तारेचा नसून पॅरिटीचा आहे. सैल तार ३ आणि ४ यांत भेदभाव करीत नाही!

याच दोषाचे आणखी एक रूप आहे. प्रत्येक ओळ संपली की तराजू 'कॅरेज रिटर्न' हे न दिसणारे चिन्ह पाठवतो. त्याचा क्रमांक १३, म्हणजे ०००११०१. यात १ तीन वेळा. म्हणजे हेही बिघडून १४१ होते. नोंदी घेणारा प्रोग्रॅम १३ क्रमांकाची वाट पाहत असेल, तर त्याच्या दृष्टीने ओळ कधी संपतच नाही. टर्मिनलमध्ये अक्षरे दिसतात, पण प्रोग्रॅम मात्र मुकाट! म्हणून कंपनीच्या प्रोग्रॅमआधी साधा टर्मिनल प्रोग्रॅम वापरायचा. तो जे येईल ते दाखवतो. स्वतःचे डोके चालवत नाही.

पाचवी पायरी : हस्तांदोलन

तारा बरोबर, अटी बरोबर, तरी तराजू गप्प? मग तो कशाची तरी वाट पाहत असेल. काही तराजू सतत वजन पाठवतात, काही 'प्रिंट' कळ दाबल्यावरच पाठवतात आणि काही संगणकाने ठरावीक आज्ञा दिल्यावर. ही निवड तराजूच्याच मेनूमध्ये असते. प्रथम 'प्रिंट' कळ दाबून पाहा.

तेही जमले नाही तर फ्लो कंट्रोल तपासा. हे यंत्रांमधले हस्तांदोलन. पिन ७ वरून 'मी तयार आहे' आणि पिन ८ वरून 'पाठव' असे इशारे चालतात. केबलमध्ये तीनच तारा असतील आणि तराजू मात्र इशाऱ्याची वाट पाहत असेल, तर तो जन्मभर वाटच पाहील. दोन्हीकडे फ्लो कंट्रोल बंद करणे हा पहिला उपाय. दुसऱ्या प्रकारात 'थांब' आणि 'चालू दे' हे निरोप १९ आणि १७ या क्रमांकांच्या अक्षरांनी जातात. नुसते अंक पाठवताना ही सोय ठीक आहे. पण उपकरण मोजमाप द्विमान रूपात पाठवत असेल आणि त्यात सहज १७ किंवा १९ आले, तर संगणक त्याला निरोप समजून गिळून टाकतो आणि नोंदीत भगदाड पडते.

दिसणारी चूक आणि न दिसणारी चूक

आता प्रोग्रॅममध्ये सुंदर आकडे येऊ लागले. काम संपले? नाही. खरा प्रश्न आताच सुरू होतो. हे आकडे खरे आहेत का?

पडद्यावर भलते चिन्ह आले तर कोणीही सावध होतो. पण '५' चा संकेत ०११०१०१ आणि '४' चा ०११०१००. फरक एकाच बिटाचा. जवळच्या मोटरमुळे किंवा सैल भूमी-तारेमुळे तो एक बिट उलटला, तर ३५.६० चे ३४.६० होते आणि पाहणाऱ्याला शंकाही येत नाही. पॅरिटी असते ती याच कारणासाठी. एक बिट उलटला तर ती ओरडून सांगते. दोन बिट उलटले तर मात्र तीही फसते. '५' चा '६' व्हायला नेमके दोनच बिट उलटावे लागतात. शिवाय ओळीतले पहिले अक्षर गळाले तर ३६.९५ चे ६.९५ होते आणि हेही दिसायला वजनासारखेच दिसते.

म्हणून प्रयोग सुरू करण्यापूर्वी हे करा. तराजूवर निरनिराळी वजने ठेवून, सगळे दहा अंक येतील अशा वीस नोंदी तराजूच्या पडद्यावरून हाताने वहीत लिहा आणि त्या संगणकाच्या नोंदींशी ताडून पाहा. प्रत्येक ओळीत अक्षरांची संख्या तेवढीच आहे ना, हे तपासा. तराजूमध्ये पॅरिटीची सोय असेल तर ती दोन्हीकडे सुरू ठेवा. प्रयोग रात्रभर चालणार असेल तर लॅपटॉपचे झोपी जाणे आणि यूएसबीची वीज वाचवण्यासाठी ती खंडित करण्याची सोय, ही दोन्ही बंद करा. नाही तर पहाटे उठून पाहाल तो नोंदी रात्री अकरालाच थांबलेल्या!

करून पाहा

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर बहुधा तिथे आर्डुइनो बोर्ड आहे. तो यूएसबीच्या तारेने जोडला, तरी संगणकाशी सीरियल रीतीनेच बोलतो. त्याला दर सेकंदाला ० ते ९ हे अंक ९६०० वेगाने पाठवायला सांगा. मग संगणकाच्या बाजूचा वेग ४८००, १९२०० असा बदलून काय दिसते ते वहीत लिहा. नंतर बोर्डाला सात बिट आणि सम पॅरिटी या अटींवर बोलायला लावा, संगणक आठ बिटांवरच ठेवा आणि वरची यादी खरी ठरते का ते तपासा. काही बोर्डांमध्ये यूएसबीवरून या अटींना अर्थ नसतो. आर्डुइनो उनो घेतला तर प्रयोग जमेल. एक सावधगिरी मात्र बाळगा. आर्डुइनोच्या पिनांवरचा दाब ० ते ५ व्होल्टच असतो आणि १ व ० यांची दिशाही उलटी असते. आरएस-२३२ ची केबल त्या पिनांना थेट लावली तर बोर्ड जळू शकतो. मध्ये दाब बदलणारी मॅक्स-२३२ सारखी चिप हवी.

आणि शिक्षकांसाठी एक सूचना. एकदा संभाषण जुळले, की वेग, बिट, पॅरिटी, विराम बिट, फ्लो कंट्रोल आणि केबल सरळ की उलटी, एवढे एका चिठ्ठीवर लिहून ती उपकरणाच्या पाठीवर चिकटवून टाका. केबललाही तशीच चिठ्ठी बांधा. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्या जागी पुन्हा चाचपडणार नाहीत आणि तो तराजू कपाटात न जाता टेबलावरच राहील.